केसरबाईचा ओढा

देहूरोडच्या छावणीच्या अलीकडे, मुंबईच्या रस्त्याखालून एक ओढा जायचा. सरकारी नकाशात त्याला नाव असलंच तर ते कुणाला ठाऊक नव्हतं. लोक त्याला परटाचा ओढा म्हणत, कारण त्याच्या काठी दत्तोबा परटाचं घर होतं आणि त्याआधी त्याच्या बापाचं आणि आज्याचंही तिथंच होतं. आज्यानं गोऱ्या साहेबांचे कपडे धुतले, बापानं देशी साहेबांचे. मळ दोघांचाही सारखाच निघायचा, असं दत्तोबा म्हणायचा.

केसरबाई पुनावळ्याहून लग्न होऊन या घरात आली ती बासष्ट साली. तिकडं चीनशी लढाई जुंपलेली आणि इकडं छावणीत माणूस मावत नव्हता. गाडीभर कपडे यायचे आणि ते धुऊन होईतो दुसरी गाडी दारात उभी. नव्या नवरीची हळद उतरायच्या आत तिचे हात सोड्याच्या पाण्यात गेले. सासू म्हणाली, "हळद काय, पाण्यानं जातीच. हात तेवढं सांभाळ."

ही सासू भारी कडक बाई होती. तिचा एकच नेम होता, की परटाच्या हातून मळकं काही बाहेर जाता कामा नये. एकदा कपडे पोचवायला सासू-सून दोघी गेल्या आणि साहेबाच्या फाटकाशी म्हातारीला एका चादरीच्या काठावर पुसट डाग दिसला. साहेबाची बायको म्हणत होती, राहू द्या, चालेल. पण म्हातारीनं अख्खं गाठोडं परत डोक्यावर घेतलं आणि ओढ्यावर येऊन चादर सुनेच्या पुढ्यात टाकली. "त्यांला चालंल, मला न्हाई चालत," एवढंच बोलली. केसरबाईनं ती चादर धुतली आणि तो नेम जन्मभरासाठी गाठीला बांधला. पुढं सासू गेली, एकुलती लेक चऱ्होलीला आत्याकडं शिकायला ठेवली, घरात नवरा-बायको दोघंच उरली. पण केसरबाईच्या हातून डाग असलेला रुमालसुद्धा कधी बाहेर गेला नाही.

दवाखान्याच्या चादरी आणि मेसमधल्या टेबलांवरची पांढरी कापडं ही तिची खास मिरास. ती गवतावर वाळत पडली की रस्त्यानं जाणारा ट्रक ड्रायव्हरसुद्धा मान वळवून बघायचा. दत्तोबा तिला चिडवायचा, "केसर, माझं धोतर कधी एवढं पांढरं न्हाई निघालं ते?" ती म्हणायची, "तुमी मेसमंदी टेबल व्हा, मंग निघंल."

असं बरं चाललेलं असताना शहात्तर साली रस्ता रुंद करायचं काम निघालं.

रस्ता रुंद व्हायला हवाच होता, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पिंपरीत कारखान्याला कारखाना लागला होता, ट्रक एकमेकांना घासत चालले होते, महिन्याला एक-दोन माणसं चाकाखाली जात होती. पण रुंद करायला टेकडी कापली आणि कापलेल्या टेकडीचा मुरूम टाकायचा कुठं? दूर नेऊन टाकायचा तर डिझेल जळतं. ओढ्याचा काठ फुकट होता. करारात म्हणे असं लिहिलं होतं, की मुरूम ओढ्यापासून लांब टाकायचा आणि आडवा दगडी बांध घालायचा. कागदावर तो बांध चांगला भक्कम असणार. काठावर कुणाला तो कधी दिसला नाही.

त्या पावसाळ्यात मुरमाचा ढिगारा विरघळून ओढ्यात उतरला आणि पाण्याचा चहा झाला. पावसाळ्यात थोडं गढूळ पाणी केसरबाईला नवं नव्हतं. त्यावर सासूनं शिकवलेला इलाज तिच्यापाशी होता, निवळीची बी. बी सहाणेवर उगाळायची, ते गंध रांजणातल्या पाण्यात ढवळायचं आणि रात्रभर रांजणाला हात लावायचा नाही. सकाळी गाळ खाली बसलेला असतो आणि वर नितळ पाणी. एरवी चार-आठ दिवस हा खटाटोप करावा लागायचा, तोही प्यायच्या पाण्यापुरता. आता दिवाळी उलटली तरी ओढा निवळेना, कारण ट्रक रोज नवा मुरूम ओतत होते. केसरबाईनं मागच्या ओट्याला लागून चार रांजण मांडले. धुणं ओढ्यात आणि शेवटचं खळबळून काढणं रांजणातल्या पाण्यात, असं सुरू केलं. बाजारातली निवळी संपली तर चाकणच्या आठवड्याच्या बाजाराला जाऊन आणायची. उगाळून उगाळून तिच्या बोटांना घट्टे पडले.

पण चार रांजणांनी छावणी कशी धुऊन निघणार? चादरींवर बदामी झाक येऊ लागली. दवाखान्यानं धुणं बंद केलं. मेसनं पिंपरीच्या एका लॉन्ड्रीला काम दिलं. दत्तोबाचा भाऊबंद म्हणाला, आता तूही कंपनीत चिकट. दत्तोबानं त्याला ओढ्यावरचा आज्याचा दगड दाखवला, तीन पिढ्यांच्या आपटण्यानं मधोमध खोलगट झालेला. म्हणाला, "ह्यो संगं घिऊन येऊ काय कंपनीत?"

त्यांची एक जुनी गिऱ्हाईक होती, शुभदाबाई. देहूरोडच्या शाळेत शिकवायच्या आणि पांढऱ्या साड्या नेसायच्या. साडीवरची झाक बघून त्या रागावल्या, मग ओढा बघायला आल्या आणि बघून जास्तच रागावल्या, पण आता दुसऱ्यांवर. म्हणाल्या, "दत्तोबा, पाण्याचा कायदा झालाय आता. ओढे-नद्या कुणी खराब केल्या तर सरकारला कारवाई करावी लागते."

दत्तोबा म्हणाला, "पर बाई, रस्ता सरकारचा, ओढा बी सरकारचा. सरकार सोताच्या कानाखाली मारील व्हय?"

शुभदाबाईंनी पिशवीतून कागद काढला. आणि तिथंच अर्ज लिहून दिला.

मग दत्तोबाच्या पुण्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. जाताना कडक इस्त्रीचं धोतर नेसायचा आणि येताना तेच चुरगळून यायचं, त्यावरून केसरबाईला आजचं काय झालं ते कळायचं. रस्त्यावाले सांगायचे, पाणी आमच्याकडे येत नाही. पाण्यावाले सांगायचे, रस्ता आमच्याकडे येत नाही. दत्तोबाला दोन्ही बाजूंनी चहा मात्र कुणी विचारला नाही. दोन वर्षं त्यानं ही हेलपाट्यांची नोकरी बिनपगारी केली. कमाई आटत चालली होती, पण त्याच्या डोक्यातून ओढा जात नव्हता. केसरबाई कधी म्हणायची, "जाऊ द्या की आता." तो म्हणायचा, "आज्यानं ठिवला, बापानं ठिवला. मी सोडला तर वर जाऊन काय सांगू?"

अठ्ठ्याहत्तर साली पाण्याच्या ऑफिसात मधुसूदन नावाचा एक तरणा अधिकारी आला. त्यानं दत्तोबाला खुर्ची दिली आणि सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "मी येऊन नमुना घेतो. पाण्यात गाळ मर्यादेच्या वर निघाला, की काम थांबवायची आणि काठावरचा ढिगारा उचलायची नोटीस निघेल. ती मी काढायला लावीन." त्या दिवशी दत्तोबाचं धोतर चुरगळलंच नाही. घरी येऊन तो केसरबाईला एवढंच म्हणाला, "सायेब पानी न्यायला येनार हाय. येकदा का त्यानं नेलं, की आपला वढा वाचला." नमुन्यात पाणी घाणच जायला हवं, हे त्यानं सांगितलं नाही. ते काय सांगायची गोष्ट आहे? त्याच्या दृष्टीनं ओढ्यात दुसरं पाणी होतंच कुठं.

साहेब येणार त्या दिवशी दत्तोबा हार घेऊन स्टेशनावर गेला. साहेब आला जीपनं, थेट ओढ्यावर. घरी केसरबाई एकटी.

साहेबाबरोबर शिपाई नव्हता, तो तापानं पडला होता. ठेकेदाराचा सुपरवायझर मात्र साक्षीला म्हणून हजर झाला होता आणि काठावर सिगारेट ओढत उभा होता. म्हणाला, "साहेब, खरं सांगू? ओढा हेच लोक घाण करतात. सोडा, साबण, कपडे उकळायच्या भट्टीचं पाणी."

मधुसूदननं केसरबाईला विचारलं, "बाई, भट्टीचं पाणी ओढ्यात सोडता का?"

त्यानं विचारलं ते नियमाला धरूनच. पण केसरबाईच्या काळजात सुरी गेली. "न्हाई सायेब. त्येला खड्डा हाय मागं. सासूच्या येळेपासनं हाय," ती म्हणाली. साहेबानं मान हलवली. त्यानं मानलं की नाही, ते तिला कळलं नाही.

तो बाटल्या घेऊन खाली उतरला आणि दुसऱ्याच पावलाला गुडघ्यापर्यंत गाळात गेला. केसरबाईनं हात देऊन बाहेर काढला तेव्हा बूट आतच राहिला होता आणि तळपायात दगडाची कपची घुसून रक्त वाहत होतं. तिनं त्याला ओट्यावर बसवलं, पाय धुतला, हळद दाबून चिंधी बांधली. साहेबाचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं बाटल्या तिच्या हातात दिल्या, औषधाच्या असतात तशा तपकिरी, जाड काचेच्या. "बाई, तुम्हीच भरून आणता का? मधल्या धारेतून. बुचं घट्ट लावा."

केसरबाई उतरली. तिला पाय कुठं टाकायचा ते माहीत होतं. मधल्या धारेतून तिनं एक बाटली भरली आणि ओंजळीत थोडं पाणी ओतून बघितलं. तांबडं, दाट, तळहात झाकून टाकणारं.

आणि तिला लाज वाटली. हे पाणी आता पुण्याला जाणार. मोठ्या कचेरीत, मोठमोठ्या साहेबांपुढं परटाचा ओढा म्हणून मांडलं जाणार. ते म्हणतील, परटांनीच घाण केलाय. ओढ्यावर धुणं बंद करा म्हणतील. पाहुणे बघायला आले तर पोरीला तोंड न धुता कुणी पुढ्यात बसवतं का? आणि आपल्या हातून, या हातून, मळकं बाहेर जाणार? तिनं बाटली ओढ्यात रिकामी केली. घराच्या मागच्या अंगानं वर आली. तिसऱ्या रांजणातलं पाणी सगळ्यात सुरेख निवळलं होतं. तिनं दोन्ही बाटल्या त्यात विसळल्या, फडक्यानं गाळून पाणी भरलं आणि बुचं लावली. साहेब पुढच्या ओट्यावर डोळे मिटून पाय धरून बसला होता. सुपरवायझरला काय, पाणी कुठूनही आलं तरी सही करायची होती.

साहेबानं बुचांवर लाख ओतली, शिक्के मारले. केसरबाईनं चहा केला. जाताना तो म्हणाला, "काळजी करू नका बाई." आणि लंगडत जीपमध्ये बसला.

दत्तोबा हार तसाच हातात घेऊन धापा टाकत आला. "आला व्हता? पानी नेलं?"

"नेलं की. म्या भरून दिलं."

त्यानं तो हार केसरबाईच्याच गळ्यात घातला. दोन वर्षांत तिनं त्याला असं हसताना बघितलं नव्हतं. रांजणाचं त्याला सांगावं, असं तिच्या मनातही आलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं? चांगलं दिसावं म्हणून जे करायचं ते तिनं केलं होतं.

भाद्रपदात निकालाचा निरोप आला तेव्हा दत्तोबा तिलाही पुण्याला घेऊन गेला. म्हणाला, तूही तुझ्या कानांनी ऐक. ती ठेवणीतलं लुगडं नेसून गेली.

मधुसूदन त्यांना बघून उभा राहिला. त्याला बोलायला जड जात होतं. "दत्तोबा, नमुन्यात काही निघालं नाही. पाणी अगदी नितळ आलं. पिण्याजोगं आहे म्हणतात."

केसरबाईच्या डोळ्यांपुढं तिसरा रांजण आला. काय केलं आपण, ते तिला त्या एका क्षणात सगळंच्या सगळं कळलं.

दत्तोबा टेबलाला टेकून पुढं वाकला. मग म्हणाला, "किती घेतलं?"

"दत्तोबा, ऐका—"

"किती घेतलं ठेकेदाराकडनं? पानी बघितलं न्हवं तुमी? गुडघ्यापातूर गेला न्हवं त्याच्यात?" आजूबाजूचे कारकून उठून उभे राहिले. "माझ्या बापानं लढाईतनं आल्याली कापडं धुतली, सायेब. रगताचा डाग काढला त्यानं. तुमचा डाग न्हाई निघायचा कुनाच्यानं."

मधुसूदनची नजर केसरबाईवर गेली. ती खाली मान घालून उभी होती आणि लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळत होती. तिनं वर बघितलं तेव्हा तिला दिसलं, की याला कळलं आहे. घरामागचे चार रांजण त्यानंही त्या दिवशी येताना बघितले होते. आता हा बोलणार, असं तिला वाटलं आणि बोलला तर बरं, असंही वाटलं.

तो म्हणाला, "चूक माझी आहे. मीच उतरून भरायला पाहिजे होतं."

"कबूल करतोय बघा," दत्तोबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला आणि तिच्या दंडाला धरून बाहेर पडला.

बसमध्ये दोन वेळा तिनं सांगायला तोंड उघडलं. दोन्ही वेळा त्याच्या चेहऱ्याकडे बघून मिटलं. पुढं गावभर तो त्या साहेबाला लाचखाऊ म्हणत फिरला आणि ती शेजारी बसून ऐकत राहिली. ज्यानं पाप केलं नाही त्याचं नाव रोज तिच्या अंगणात मळवलं जात होतं. जेवण तिला जाईना. शुभदाबाई म्हणाल्या, दवाखान्यात दाखव. दवाखान्यात काय दाखवणार?

थंडीत मधुसूदन एकदा पुन्हा आला, रजा टाकून, एस.टी.नं. दत्तोबा त्याला बघून घरात जाऊन बसला. मधुसूदननं यावेळी स्वतः उतरून पाणी भरलं. पण पाऊस संपून तीन महिने झाले होते, ट्रकही आता पुढच्या वळणावर मुरूम टाकत होते. वरून बारीक, स्वच्छ धार वाहत होती आणि खाली कमरेइतका गाळ बसला होता. तीनातले दोन घाट, धुण्याचे दगड, मासे, खेकड्यांची बिळं, सगळं त्याच्या पोटात.

"सायेब, ह्यो गाळ न्या की," केसरबाई म्हणाली. "ह्यो दाखवा त्यांला."

"कायदा वाहतं पाणी मोजतो, बाई. तळ मोजत नाही." त्यानं मूठभर गाळ उचलला होता आणि ती मूठ धुवायची विसरून तो तसाच उभा होता.

"सायेब, ते पानी मीच..."

"मला माहीत आहे."

"मालकास्नी सांगते मी. तुमास्नी ते कायबी बोलत्यात."

त्यानं मुठीतला गाळ धारेत सोडला. "नका सांगू. माझी बदली होईल, मी जाईन. तुम्हाला दोघांना इथंच राहायचंय."

शिमग्याच्या आत त्याची बदली झाली. आणि दोघांना तिथं राहायला मिळालं नाही. पुढच्या पावसाळ्यात काठावरचा सगळा ढिगारा एका रात्रीत खाली आला आणि ओढ्यानं आपली वाट बदलून परटाच्या घराच्या पाठीमागून नेली. उरलेला घाटही बुजला. दत्तोबा खोरं घेऊन रोज आज्याचा दगड उकरायचा. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा झाकलेला असायचा. श्रावण संपता संपता त्यानं खोरं भिंतीला टेकवलं आणि पिंपरीच्या एका कंपनीत कामगारांचे डगले धुवायची नोकरी पत्करली. तिथं नळ होता.

सामान न्यायला टेम्पो आला. भट्टीचं तांब्याचं पातेलं चढवून झालं, गाठोडी चढवून झाली. दत्तोबा गाळावर जाऊन उभा राहिला, जिथं खाली दगड असणार असा त्याचा अंदाज होता तिथं. त्यानं हात जोडले. मग मोठ्यानं म्हणाला, "ज्यानं पैका खाऊन माझा वढा मारला, त्याचं बी घर असंच बुडंल. त्याच्या लेकराबाळांला पानी मिळनार न्हाई."

केसरबाईच्या हातातली परात खाली पडली. "त्यांला न्हाई," ती म्हणाली. "त्यांच्या लेकरांला न्हाई म्हनायचं. मला म्हना. बाटल्या मी रांजणातनं भरल्या. निवळल्याल्या पान्यानं." आणि तिनं सगळं सांगितलं, भट्टीचा प्रश्न, लाज, फडकं, सगळं. टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला, तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही.

दत्तोबा तिच्याकडे पाठ करून गाळातच बसला. तिला वाटलं, आता हा उठून मारील. मारलं असतं तर तिला सोसलं असतं.

मान न वळवता त्यानं विचारलं, "त्या सायबाला ठावं व्हतं?"

"व्हतं."

"आन् माझ्या शिव्या खाल्ल्या त्यानं." मग म्हणाला, "त्येचे पाय धराया पायजेत. कुठं असतो आता?"

"बदली झाली. कुठं ते कुनाला ठावं न्हाई."

दत्तोबा बोटांनी गाळ उकरत राहिला.

"कंच्या रांजणातलं दिलंस?"

"तिसऱ्या."

"निवळलं व्हतं चांगलं?"

"तळाची खापरी दिसत व्हती."

"मग बरं झालं," दत्तोबा म्हणाला. "आपला वढा कसा व्हता, ते सरकारनं येकदा तरी बघितलं."

असं म्हणून त्यानं खांद्यावरचा पंचा तोंडाला लावला आणि ढसाढसा रडायला लागला. केसरबाई परात उचलून तिथंच उभी राहिली. त्याच्याजवळ जायचा तिला धीर झाला नाही आणि त्यानंही तिला जवळ बोलावलं नाही.